फेरीचा आकार

गळणाऱ्या नळाला नवे वॉशर बसवून 10 मिनिटांत काम उरकणारा प्लंबर जेव्हा 400 रुपये मागतो, तेव्हा आपण ती 10 मिनिटे आणि ते क्षुल्लक वॉशर एवढेच समोर ठेवून त्या रकमेची छाननी करू लागतो. आणि हिशेबाचा आरंभच चुकीच्या ठिकाणी झालेला असल्यामुळे त्याचा शेवट बहुधा घासाघिशीत व उभयपक्षी मनस्तापात होतो.

पुण्यात धायरीहून बाणेरला जाणाऱ्या कारागिराचा दिवस नळापाशी थोडा आणि रस्त्यावर फार खर्च होतो. काम पाहिल्यावाचून कोणता सुटा भाग लागेल हे उमगत नाही, म्हणून हार्डवेअरच्या दुकानाची आणखी एक खेप पडते. कोठे दाराला कुलूप आढळते, कोठे नुसता अंदाज विचारून घेऊन काम दुसऱ्यास दिले जाते. आणि मागे बसवलेली तोटी पुन्हा ठिबकू लागली, तर ती पाहण्यासाठी मारावी लागणारी फेरी रिवाजाने फुकटच धरली जाते.

समजा, कुटुंबाच्या निर्वाहास त्याला दरमहा 30,000 रुपये हवेत, आणि पेट्रोल, दुचाकीची देखभाल, हत्यारांची झीज, मोबाइल व आजारपणाची तजवीज यांस 8,000 लागतात. महिन्याचे 26 दिवस काम मिळाले, तर रोजचा आकडा सुमारे 1,460 येतो. दिवसाच्या 4 फेऱ्यांपैकी एक वाया जाते असे धरल्यास उरलेल्या प्रत्येक फेरीवर सुमारे 487 रुपयांचा बोजा पडतो, आणि त्यात नफा म्हणावा असा एक पैसाही नाही.

तो 200 रुपयांवर राजी झाला, म्हणजे ही तफावत नाहीशी झाली असे नव्हे. ती सुट्या भागाच्या वाढीव किमतीत जाते, दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनात जाते, किंवा वॉशरने भागले असते तेथे अख्खा नळ बदलण्याच्या सल्ल्यात जाते. यांतील शेवटची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते; कारण दोष अचूक ओळखण्याच्या ज्या विद्येसाठी आपण त्याला बोलावतो, तिचाच मेहनताना आपण नाकारतो, आणि मग ती विद्या प्रामाणिकपणे वापरणाराच तोट्यात राहतो. अ‍ॅपवरून बोलावल्यास दर आगाऊ कळतो, ही सोय खरी; परंतु कंपनीचे कमिशन वजा होऊन कारागिराच्या हाती काय पडले, हे त्या दरातून समजत नाही.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे, की येण्याचे किती, मजुरीचे किती आणि सामान कोणी आणावयाचे, हे फोनवरच ठरवून घ्यावे. घरातील बारीकसारीक कामे साठवून एकाच फेरीत करून घ्यावीत. सामानाची पावती निःसंकोच मागावी. आणि तपासून पाहून, “बदलण्यासारखे काही नाही,” असे जो कारागीर सांगेल, त्याच्या फेरीचा आकार तर कुरकुर न करता पुरता द्यावा.