हवा मोकळी नाही, आणि तेच बरं आहे

२०१६ सालची गोष्ट. भिवंडीत माणकोलीच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये आम्ही आरएफआयडीचं काम करत होतो. म्हणजे प्रत्येक खोक्यावर चिप असलेलं लेबल चिकटवायचं, आणि शटरपाशी लावलेल्या रीडरने खोकं आत-बाहेर जाताना त्याची नोंद आपोआप घ्यायची. हमालाने खोक्याखोक्यावर स्कॅनर धरायला नको. आठ शटर, आठ रीडर. पुरवठादाराने ते अमेरिकेतून मागवलेले. खोक्यावर अमेरिकेच्या एफसीसीचा शिक्का. आणखी काय पाहिजे?

चालू केले आणि झकास चालले. शंभर खोकी, शंभर नोंदी. मी खूश, क्लायंट खूश, सगळे खूश.

चौथ्या दिवशी समोरचा टपरीवाला चहा देता देता म्हणाला, "साहेब, तुमची मशीन लागल्यापासून फोनच लागत नाय. दांड्या फुल्ल, पण कॉल जात नाय."

मी हसलो. 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणताना आम्ही सॉफ्टवेअरवाले हसतो ना, अगदी तसाच. दांड्या पूर्ण आहेत म्हणजे नेटवर्क आहे, मग माझ्या मशीनचा काय संबंध?

शेजारी यंत्रमागाचे गाळे होते. आत खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून कारागीर पाळी सुटली की टपरीवर येऊन गावी फोन लावायचे. त्यातल्या एकाचा बाप तिकडे आझमगडला दवाखान्यात होता. तो पोरगा चार दिवस रोज चालत हायवेपर्यंत जाऊन फोन करत होता. हे मला नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात मोबाइल कंपनीची दोन माणसं हातात अँटेना घेऊन फिरत फिरत आली, ती थेट आमच्या शटरसमोर थांबली. तेव्हा.

झालं होतं ते असं. अमेरिकेत हे रीडर ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात, पन्नास चॅनेलवर उड्या मारत. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा पट्टा कशासाठी आहे? मोबाइल फोनने टॉवरशी बोलण्यासाठी. टॉवर उलट उत्तर देतो तो ९३५ ते ९६० मध्ये. म्हणजे टॉवरचा आवाज फोनला स्वच्छ ऐकू येत होता (म्हणून दांड्या फुल्ल!), पण फोन जे बोलत होता ते आमच्या आठ रीडरच्या गोंगाटात टॉवरला ऐकूच जात नव्हतं. आणि गंमत म्हणजे लेबलं ८६० पासून ९६० पर्यंत कुठेही उत्तर देतात. त्यामुळे गोडाऊनच्या आत कोणालाच काही खटकलं नाही. त्रास सगळा बाहेर.

ही कथा मी मित्रांना सांगतो तेव्हा ठरलेलं उत्तर येतं. "बघ, हेच ते लायसन्स राज! अमेरिकेत चालतं ते इथे का नको? रेडिओलहरींना कुठे सीमा असतात? जिनिव्हातले बाबू बसून ठरवणार आणि आपण ऐकायचं. हवा मोकळी करा, तंत्रज्ञान आपोआप वाट काढेल."

मला हे बोलणं मान्य नाही. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट. लहरींना सीमा नसतात म्हणूनच तर करार लागतो. १८६५ साली पॅरिसमध्ये वीस युरोपीय देशांनी तारांसाठी संघ काढला, तेव्हा तार निदान खांबावरून जायची, सरहद्दीवर तोडता यायची. ब्रिटिश अमलाखालचा भारत त्यात १८६९ पासून आहे. पुढे रेडिओ आला. त्याला तोडणार कुठे? म्हणून १९०६ साली बर्लिनमध्ये पहिला रेडिओ करार झाला. आज त्या संघात, म्हणजे आयटीयूमध्ये, १९४ देश आहेत आणि दर तीन-चार वर्षांनी ते फ्रिक्वेन्सीचं कोष्टक पुन्हा मांडतात.

दुसरी गोष्ट, "अमेरिकेत चालतं". १९४७ साली, इकडे आपण स्वतंत्र होत होतो त्याच सुमारास, अमेरिकेत अटलांटिक सिटीत परिषद झाली आणि जगाचे तीन विभाग ठरले. ढोबळमानाने युरोप-आफ्रिका पहिला, अमेरिका खंड दुसरा, बाकीचा आशिया आणि ऑस्ट्रेलिया तिसरा. भारत तिसऱ्यात. ९०२ ते ९२८ हा पट्टा यंत्रसामग्रीसाठी मोकळा आहे तो फक्त दुसऱ्या विभागात. अमेरिकेने आपले मोबाइल फोन ८५० च्या आसपास बसवले, म्हणून तिथे ही जागा रिकामी राहिली. युरोपने आणि आपण जीएसएम नेमकं तिथेच बसवलं. यात अमेरिकेचा मोठेपणा नाही की आपला करंटेपणा नाही. शेजाऱ्याकडे देव्हारा जिथे आहे तिथे तुमच्या घरात मोरी असू शकते. घर बघून वागायचं.

तिसरी गोष्ट, "मोकळी करा". अहो, जी हवा मोकळी आहे ती नियमानेच मोकळी झाली आहे! तुमचा वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर का चालतो? कारण त्याच १९४७ च्या परिषदेत तिथला एक तुकडा गरम करणाऱ्या यंत्रांसाठी बाजूला काढला गेला. रेडिओवाल्यांच्या लेखी कचरापट्टी. पण सगळ्या जगात एकच कचरापट्टी! म्हणून शेन्झेनला बनलेला स्कॅनर भिवंडीतही चालतो आणि ब्राझीलमध्येही, आणि म्हणून स्वस्त मिळतो. कोष्टक नसतं तर हे झालंच नसतं.

चौथी गोष्ट, आणि इथे माझा सूर बदलतो. जिनिव्हाला शिव्या देणं सोपं आहे, पण जिनिव्हा फक्त कुंपण घालतं. फाटक दिल्लीत आहे. आयटीयूकडे पोलीस नाहीत, दंडाची पावती नाही. त्यांच्याच नियमांत कलम ४.४ आहे. कोष्टकाबाहेर वागायचं तर वागा, पण दुसऱ्या देशाच्या रेडिओला त्रास होता कामा नये, आणि तुम्हाला त्रास झाला तर तक्रार घेऊन येऊ नका. म्हणजे देशाच्या आत कोणाला किती जागा द्यायची हे बरंचसं आपल्याच सरकारच्या हातात आहे.

मग आपल्या सरकारने काय केलं? २००५ साली आरएफआयडीसाठी ८६५ ते ८६७ हा पट्टा लायसन्समुक्त केला. चांगलं केलं. पडघ्याच्या टोलनाक्यावर ट्रकच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो तो याच पट्ट्यात. पण किती? दोन मेगाहर्ट्झ! २०० किलोहर्ट्झचा एक चॅनेल धरला तर जेमतेम दहा. आमचे नवे रीडर या पट्ट्यात आणले तेव्हा आठांना रांगेत बोलायला शिकवावं लागलं, आणि पलीकडच्या गोडाऊनवाल्याने उद्या स्वतःचे आठ लावले तर? २०२१ साली पट्टा ८६८ पर्यंत वाढला. एक मेगाहर्ट्झ वाढायला सोळा वर्षं लागली.

का लागली? माझं म्हणणं असं की कोणी मागितलंच नाही. बोलणारे बोलतात आणि त्यांना मिळतं. ६ गिगाहर्ट्झचंच बघा. अमेरिकेने २०२० साली तिथले १२०० मेगाहर्ट्झ वाय-फायला मोकळे केले. २०२३ च्या दुबईच्या परिषदेत वरच्या भागाचा काही हिस्सा मोबाइलच्या नावे लागला, आपल्या विभागात ७०२५ ते ७१२५. आपल्या सरकारने मे २०२५ मध्ये खालचे ५०० मेगाहर्ट्झ लायसन्समुक्त करायचा मसुदा काढला. या सगळ्या वादात मोबाइल कंपन्यांची संघटना हिरिरीने बोलली, वाय-फायच्या बाजूच्या बड्या कंपन्याही बोलल्या. मसुद्यावर हरकती-सूचना द्यायला तीस दिवस होते आणि कोणीही पत्र लिहू शकत होतं. मी ओळखीच्या गोडाऊनवाल्यांना, वाहतूकदारांना विचारलं. कोणाला पत्ताच नव्हता. मी स्वतः लिहिलं का? नाही. 'पुढच्या रविवारी लिहू' म्हणता म्हणता मुदत गेली. म्हणजे या यादीत पहिला गुन्हेगार मीच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगून ठेवलंय की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पण मालक सभेला गेलाच नाही तर वाटणी कोण करणार? जे हजर असतील ते. त्यांच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. दूरसंचार विभागाने मसुदे आणि ट्रायने चर्चापत्रं मराठीतही काढावीत. ज्याच्या गोडाऊनमध्ये तो पट्टा वापरला जातो त्याला ते वाचता तरी आलं पाहिजे. भिवंडीतल्या गोडाऊन आणि यंत्रमागवाल्यांच्या संघटना जीएसटीवर निवेदनं देतात, विजेच्या दरावर देतात, तसं एक यावरही द्यावं. पुढची जागतिक परिषद २०२७ मध्ये शांघायला आहे. तिथे भारत काय बोलणार हे दिल्लीत आधी ठरणार, आणि ते ठरण्याआधी आपलं पत्र तिथे पोचलेलं असावं. आणि आम्ही इंजिनियरांनी? नियमांना नावं ठेवण्याआधी रीडरच्या सेटिंगमध्ये देश कोणता लिहिलाय ते बघावं. :-)

आमचे ते आठ रीडर परत गेले. त्यात देश बदलायची सोयच नव्हती. पुरवठादाराशी दीड महिना भांडण चाललं, ते वेगळंच. बंद केले त्याच संध्याकाळी टपरीवर गेलो तेव्हा तो आझमगडचा पोरगा फोनवर बोलत उभा होता. टपरीवाला मला म्हणाला, "लागला बघा साहेब."

मी चहाचे पैसे दिले आणि निघालो. त्या पोराशी बोलायचं धाडस झालं नाही.