मशीन आले, स्टुलाचे काय?

मान किंवा खांदा धरून एखादी बाई दवाखान्यात आली, की एक्स-रे काढायला सांगण्याआधी मी विचारतो, "ताई, घरी शिलाई मशीन आहे का?" आमच्या फुलपाड्यात बऱ्याचदा उत्तर ‘हो’ असे येते. एका खोलीच्या घरात फॉल-पिको, ब्लाऊज नाहीतर नगावर आणलेले काम, सणासुदीला रात्री बारापर्यंत. मग आग्रह, "डॉक्टर, एखादे इंजेक्शन द्या, उद्या माल पोचवायचाय." इंजेक्शनने दुखणे दोन दिवस दबेल. पण टेबल आणि बैठक यांतले अंतर तसेच राहील, त्याचे काय?

जरा टेप घेऊन मोजा. पायमशीनचे टेबल साधारण ३० इंच उंच असते. घरातला प्लॅस्टिकचा स्टूल १८ इंचांच्या आसपास. त्यावर बसल्यावर कोपर बैठकीच्या आठ-नऊ इंच वर, म्हणजे २६-२७ इंचांवर येते. उरलेले तीन-चार इंच हात उचलून धरायचा तो खांद्याने आणि मानेने, तोही तासन्‌तास! विजेचे मशीन जेवणाच्या टेबलावर ठेवले, की त्यात आणखी तीन इंचांची भर. मशीन फार खालीही नको, कारण सुई पाहण्यासाठी मान वाकते. खांदे सैल सोडून कोपर काटकोनात दुमडावे. सुईखालची पट्टी कोपराच्या रेषेत किंवा दोन-तीन बोटे वर असावी.

टेबल कमी करता येत नाही, पण बैठक वाढवता येते. उशी दबते, त्यापेक्षा जुन्या चादरींची घट्ट घडी बरी. मात्र मांड्या टेबलाखाली अडकू नयेत आणि पाऊल पायट्यावर पुरते टेकावे. विजेच्या मशीनवर पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट घ्यावा व पेडलही त्याच पाटावर ठेवावे. कापड बेतायला जमिनीवर वाकून बसण्यापेक्षा स्वयंपाकाचा ओटा कोरडा पुसून उभ्याने बेतलेले कमरेला मानवते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतही. मंडळे, संस्था समारंभपूर्वक मशीन वाटतात. काम चांगलेच आहे. पण मशीनचा स्टँड एका मापाचा आणि बायका पावणेपाच फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंतच्या! खालीवर करता येणारा स्टूल मशीनसोबतच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मशीनच्या मानाने त्याचा खर्च थोडाच.

बैठक बदलून, दर अर्ध्या तासाने उठूनही पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर तपासून घ्यावे. रात्री बोटे बधिर होत असतील किंवा हातातून कात्री निसटत असेल, तर पंधरा दिवसही थांबू नये.