दार ठोठावणारे आणि दार लावून घेणारे

धर्मप्रचारक हा शब्द कानांवर पडला की आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाच्या कपाळाला आठी पडते. या आठीमागे इतिहास आहे, हे मी नाकारत नाही. शाळा, दवाखाना, दुष्काळातले धान्य आणि त्यांच्या पाठोपाठ हळूच पुढे केलेले शुभवर्तमान, हे सारे महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकात पाहिले आहे. पण आठी म्हणजे युक्तिवाद नव्हे. आमच्या मित्रमंडळीत एक मत नेहमी ऐकू येते : ज्याला सत्य सापडले असेल त्याने ते आपल्या घरात ठेवावे, ते दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगणे हा असभ्यपणा आहे. यावर सगळेच माना डोलावतात. मला हे मत मान्य नाही. दार ठोठावणाऱ्यांविरुद्ध माझीही तक्रार आहे, पण ती निराळी आहे आणि, माझ्या मते, अधिक गंभीर आहे.

उदाहरण घ्यायचे तर दार ठोठावण्याचे काम ज्यांनी सर्वांत शिस्तीने केले त्यांचे घ्यावे. अमेरिकेतील मॉर्मन पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात केली. त्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू सॅम्युएल पाठीवर नव्या धर्मग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव हिंडू लागले. १८३७ साली त्यांचे प्रचारक इंग्लंडला पोचले. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा प्रचारक मुंबईस उतरून पुण्यापर्यंत आला होता. चार-पाच वर्षांत तो सारा प्रयत्न आटोपला, म्हणून आपल्याला त्याची आठवण नाही. पंथाचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे लांबलचक आहे, आणि टोपणनाव वापरू नये असा आग्रह चर्चने २०१८ पासून धरला आहे. मी ते केवळ सोयीसाठी वापरतो.

१९९८ च्या हिवाळ्यात मी कामानिमित्त फ्रान्समध्ये लियॉन शहरी राहत होतो. एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. पांढरा सदरा, टाय, काळा ओव्हरकोट आणि छातीवर काळी पट्टी अशा वेषातले दोन पोरगेले अमेरिकन दारात उभे होते. पट्टीवर नावापूर्वी 'एल्डर', म्हणजे वडीलधारा, असे लिहिलेले. वय वर्षे एकोणीस आणि वीस ! बाहेर बोचरी थंडी होती. पत्नीने रिवाजाप्रमाणे चहा टाकला. त्यांनी ओशाळून सांगितले की त्यांना चहा चालत नाही. कॉफी, दारू आणि तंबाखूही वर्ज्य. घरी आलेला माणूस चहावाचून परत गेला तर मराठी गृहिणीला चैन पडत नाही. शेवटी वेलदोडे घालून गरम दूध दिले, ते त्यांनी मिटक्या मारीत घेतले.

त्या तासाभरात त्यांच्या दिनक्रमाची पुष्कळ माहिती मिळाली. सकाळी साडेसहाला उठायचे, मग प्रार्थना, ग्रंथवाचन, भाषेचा अभ्यास. साडेनऊच्या सुमारास बाहेर पडायचे ते रात्रीपर्यंत. वर्तमानपत्र नाही, चित्रपट नाही, मुलींशी सलगी नाही. आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरी पत्र लिहिण्याचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. आईचा आवाज वर्षातून दोनदा दूरध्वनीवर ऐकायचा, नाताळला आणि मातृदिनाला. (हा नियम पुढे २०१९ साली सैल झाला.) आपण कोणत्या देशी जाणार हे त्यांनी स्वतः ठरवलेले नव्हते, सॉल्ट लेक सिटीहून पत्र आले आणि फ्रान्स हे नाव त्यांना कळले. यूटातील प्रोव्हो गावच्या प्रशिक्षण केंद्रात सुमारे दोन महिने फ्रेंच घोकून ते आले होते. धाकट्याने सांगितले की त्या दिवशी त्यांनी चार जिने पालथे घातले आणि आमचे दार हे उघडलेले पहिले दार.

आता आपल्याकडचा पहिला आक्षेप तपासू : हे लोक आमिष दाखवतात. कोणते आमिष? त्या पोरांच्या खिशात काय होते? या धर्मदूतांना पगार नसतो. उलट खर्चाची रक्कम तो स्वतः किंवा त्याचे आईबाप भरतात. अमेरिकन धर्मदूताला २०२० पूर्वी दरमहा ४०० डॉलर भरावे लागत, त्या वर्षापासून ५०० झाले. तरुण पुरुषांसाठी मुदत दोन वर्षांची. ज्या वयात आपली मुले आईच्या हातचा डबा घेऊन महाविद्यालयात जातात, त्या वयात पदरचे पैसे खर्चून परक्या भाषेत रोज नकार ऐकायला जाणे, याला मी आमिषाचा धंदा म्हणणार नाही. ही एक तपश्चर्या आहे. आणि असभ्यपणाचे म्हणाल, तर बटाटे विकणाऱ्याने दार ठोठावलेले आपल्याला चालते, मते मागणाऱ्याने ठोठावलेले चालते. मग जगण्यामरण्याविषयी बोलू पाहणाराच तेवढा असभ्य कसा ठरतो?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो आहे मोजणीचा. या चर्चच्याच आकडेवारीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस पूर्णवेळ धर्मदूत ७४,१२७ होते आणि त्या वर्षात ३,०८,६८२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे दर धर्मदूतामागे वर्षाला सरासरी चार. युरोपात तर याहून कितीतरी कमी. जिथे आकडा ठेवला जातो तिथे आकड्याची हाव सुटते. १९६० च्या आसपास इंग्लंडमध्ये या पंथाच्या प्रचारकांनी पोरांचे बेसबॉलचे संघ काढले आणि खेळायला आलेल्या पोरांना भराभर बाप्तिस्मा देऊन टाकला. संघ मोडले, पोरे पांगली आणि पुढे कित्येकांची नावे पटावरून कमी करावी लागली. पोहायला शिकवतो म्हणून विहिरीवर नेलेल्या पोराला कोणी दीक्षा दिली तर आपण काय म्हणू? तेच इथेही म्हटले पाहिजे. परंतु या प्रकारात पोरांइतकाच धर्मदूतही फसला, हे आपण विसरतो. ज्याला आत्म्याची काळजी वाहायला पाठवले, त्याच्या हाती हजेरीपट दिला गेला.

तथापि माझी मुख्य तक्रार याहून खोल आहे. त्या संध्याकाळी मीही सभ्य वागलो नाही. त्यांच्या ग्रंथात प्राचीन अमेरिकेत घोडे आहेत. कोलंबसापूर्वीची हजारो वर्षे तिथे घोडा नव्हता, असे मी त्यांना ऐकवले. ज्या सुवर्णपत्रांवरून तो ग्रंथ उतरला ती आज कुठे आहेत, असे विचारले. थोरला शांत होता. ग्रंथ वाचा, प्रार्थना करा आणि देवालाच विचारा, उत्तर मिळेल, हे त्याने पाठ केलेल्या फ्रेंचमध्ये सांगितले. तेव्हा मी धाकट्याला विचारले, "तुला मिळाले का उत्तर?" तो लाल झाला. "मला कधी कधी..." एवढेच तो म्हणाला. थोरल्याने घड्याळाकडे पाहिले आणि तो उठला. दुधाचे आभार मानून दोघे जिना उतरून गेले.

त्या अपुऱ्या राहिलेल्या वाक्यात माझी सारी तक्रार आहे. धर्मदूताने एकट्याने हिंडायचे नाही, जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात असला पाहिजे, असा नियम आहे. परक्या गावात पोराच्या सुरक्षिततेसाठी तो शहाणपणाचाच म्हणावा लागेल. पण नजरेची राखण करता करता तो शंकेवरही पहारा ठेवतो. जगभर पाठवलेल्या या पोराला सर्वांना प्रश्न विचारण्याची मुभा आहे; परंतु लोकांचे प्रश्न आत घेऊन त्यांच्याशी रात्र काढण्याची त्याला मुभा नाही. त्याला भाषा शिकवतात ती बोलण्यासाठी, ऐकण्यासाठी नव्हे.

आणि ऐकले नाही तर काय होते, याचा दाखला या पंथाच्याच इतिहासात आहे. १९७८ च्या जूनपर्यंत या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला पुरोहितपद मिळत नसे. एरवी ते जवळजवळ प्रत्येक सभासद पुरुषाला मिळते. ब्राझीलसारख्या देशात, जिथे वंश एकमेकांत पार मिसळून गेले आहेत, तिथल्या धर्मदूतांना समोरच्या कुटुंबाच्या पूर्वजांची चौकशी करावी लागे. ती मुले दुष्ट नव्हती. ती लियॉनच्या पोरांइतकीच निर्मळ असतील. निर्मळपणा ही सत्याची हमी नव्हे, हे यावरून शिकायचे. पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. साओ पाउलोला मंदिर उभे राहू लागले. ज्यांनी त्यासाठी घाम आणि पैसा दिला त्यांतल्याच काहींना त्यात प्रवेश नाही, ही विसंगती लपवता येईना. १९७८ साली बंदी उठली, आणि जुन्या काळी तिच्या समर्थनार्थ सांगितलेल्या उपपत्ती २०१३ साली चर्चने उघडपणे टाकून दिल्या. ब्राझीलची दारे ठोठावली नसती तर हा प्रश्न सॉल्ट लेक सिटीच्या उंबऱ्यापर्यंत इतक्या निकडीने पोचला असता का? मला वाटते, नाही. शिकवायला गेलेल्याला दाराने शिकवले. धर्मप्रचाराचे खरे समर्थन हे आहे, आणि प्रचारकाला ते आपल्या तोंडाने सांगता येत नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण दुसऱ्याची उणीदुणी काढून दिवाळी साजरी करणे सोपे आहे. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांसमोर उभे राहिले. आठवड्यामागून आठवडे वाद झाला. त्याचा वृत्तान्त छापलाही गेला. त्यात कोण जिंकले हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. एकाने विचारले आणि दुसऱ्याने उत्तर दिले, हे महत्त्वाचे. त्यानंतर आपण काय केले? आपण सहिष्णू झालो असे सांगतो. सहिष्णुता म्हणजे समोरच्याचे म्हणणे ऐकून ते न पटले तरी त्याला बसू देणे. आपण ऐकतच नाही. 'ज्याचा त्याचा धर्म' असे म्हणून दार लावून घेतो आणि त्या कडीकोयंड्याला उदारमतवाद असे नाव देतो. आपली श्रद्धा कोणा परक्याला चार वाक्यांत सांगण्याची वेळ आली, तर किती जणांना ती सांगता येईल? अश्रद्धा तरी सांगता येईल का? मला त्या दिवशी आली नाही. घोडे आणि सुवर्णपत्रे यांचे वाभाडे मी काढले. पण मी स्वतः काय मानतो, हे त्या पोरांनी विचारले असते तर माझ्याजवळ पाठ केलेले उत्तरसुद्धा नव्हते.

म्हणून माझे म्हणणे दोघांनाही आहे. पाठवणाऱ्यांनी हजेरीपट फाडून टाकावा, आणि पोर परत आले की किती जणांना बाप्तिस्मा दिलास असे न विचारता, कोणता प्रश्न घेऊन आलास, असे विचारावे. आणि आपण, जे दाराच्या आतल्या बाजूला आहोत, त्यांनी कडी काढावी. वाद घालावा, कडाडून घालावा. पण धाकट्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे. त्या रात्री थोरला उठला म्हणून मी आजवर त्याला दोष देत आलो. खरे सांगायचे तर "थांब, त्याला बोलू दे" असे म्हणायला घर माझे होते, आणि मी ते म्हटले नाही.