घरपोच, पण कोणाच्या जबाबदारीवर?

बेलपाड्याच्या नावाचे स्थानक असलेली नवी मुंबई मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावू लागली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ जानेवारी २०२४ रोजी, मुंबईला न्हावा-शेव्याच्या बाजूशी जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी पनवेल तालुक्यातील नव्या विमानतळावरून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. देशातील एक प्रमुख बंदर शेजारच्या उरण तालुक्यात आहे, शीव-पनवेल महामार्ग हाकेच्या अंतरावर आहे आणि पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग जवळच्या कळंबोलीहून निघतो. मालवाहतुकीच्या दृष्टीने याहून सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात शोधूनही क्वचितच सापडेल. असे असूनही, मोबाइलवरून मागवलेली वस्तू बेलपाड्यातील घराच्या उंबऱ्यापर्यंत नक्की कोणत्या दिवशी पोहोचेल, हे छातीठोकपणे सांगण्याची कोणाची तयारी नसते. शेकडो मैलांचा प्रवास दोन दिवसांत उरकणारे पार्सल अखेरच्या दोन-तीन किलोमीटरांत अडकून पडते, ही तक्रार आता अपवादाची राहिलेली नाही.

या तक्रारीचे स्वरूप बहुतेकांच्या परिचयाचे आहे. सकाळी संदेश येतो की वस्तू आज मिळेल. त्या भरवशावर घरातील कोणीतरी दिवसभर थांबून राहते. संध्याकाळी दुसरा संदेश येतो की ग्राहक घरी नसल्यामुळे वस्तू देता आली नाही. दार कोणी वाजवलेले नसते आणि दूरध्वनीही आलेला नसतो. दुसऱ्या दिवशी हाच प्रकार होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वस्तू पाठवणाऱ्याकडे परत रवाना होते. पैसे आगाऊ भरलेले असतील तर ते परत मिळवण्यासाठी निराळी आराधना करावी लागते. चौकशी करायची म्हटले तर पलीकडून यंत्राचा आवाज एकामागून एक आकडे दाबायला सांगतो आणि शेवटी, झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करून संभाषण आटोपते घेतो.

एखादी साडी किंवा पादत्राणे चार दिवस उशिरा आली म्हणून कोणावर आकाश कोसळत नाही, असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु घरपोच मालाचा व्यापार आता केवळ हौसेच्या वस्तूंपुरता उरलेला नाही. मुले परगावी असलेल्या वृद्ध दांपत्याची औषधे या मार्गाने येतात. परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याची पुस्तके याच मार्गाने येतात. मोबाइल वा शिलाईयंत्र दुरुस्त करणारा कारागीर सुट्या भागाची वाट पाहत बसलेला असतो आणि तो भाग येईपर्यंत त्याचे गिऱ्हाईक त्याला खोटा ठरवत असते. घरी मसाले, पापड किंवा कपडे तयार करून परगावी पाठवणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तर माल परत येणे म्हणजे विक्री बुडणे, वाहतुकीचा भुर्दंड आणि ग्राहकाचा रोष असे तिहेरी नुकसान असते. शिवाय, पार्सलसाठी घरी थांबणे याचा अर्थ रोजंदारीवरील माणसासाठी दिवसाची मजुरी गमावणे हा असतो. व्यापारी संस्थांच्या हिशेबवहीत स्वतःच्या प्रत्येक मिनिटाची किंमत नोंदलेली असते. ग्राहकाच्या वेळेसाठी मात्र त्या वहीत रकानाच नाही.

या गोंधळाचे मूळ केवळ वाढत्या व्यापारात किंवा रस्त्यांवरील कोंडीत शोधणे पुरेसे होणार नाही. वस्तू विकत घेताना ग्राहकाचा व्यवहार एका संस्थेशी होतो. ती दारात येईपर्यंत मात्र ती चार-पाच हातांतून जाते. ज्या बाजारपेठेत ती मागवली, त्या बाजारपेठेचे चालक म्हणतात की आपण केवळ मध्यस्थ आहोत. विक्रेता म्हणतो की आपण माल वेळेवर वाहतूकदाराच्या स्वाधीन केला. वाहतूकदार गावातील ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मोटारसायकलवरील तरुणाकडे, आणि तो तरुण म्हणतो की पत्ता सापडला नाही. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या परीने खरेही असू शकते. पण अशा बारभाईंच्या कारभारात ज्याने पैसे मोजले त्याला उत्तर देण्याचे कर्तव्य कोणाचेच राहत नाही.

घरपोच माल ही कल्पना काही आजची नव्हे. दारात पैसे देऊन वस्तू सोडवून घेण्याची व्ही. पी. ची पद्धत भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये सुरू केली आणि १८८० मध्ये मनीऑर्डरची सोय आली. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी चाकरमान्याचा पैसा याच खात्याच्या हातून गावच्या घरी पोहोचत असे आणि मराठी वाचकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी व्ही. पी. ने पुस्तके मागवली. ही व्यवस्था वेगवान होती असा दावा कोणी करणार नाही. टपाल हरवत असे, उशिरा येत असे आणि कायदाही ग्राहकाच्या बाजूने उभा नव्हता. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमाने टपालाची गहाळी, विलंब किंवा नुकसान यांच्या जबाबदारीतून सरकारला, स्वतःहून स्पष्टपणे स्वीकारलेल्या दायित्वाखेरीज, मोकळे ठेवले होते. तथापि गावात एक टपाल कचेरी होती, तिच्या दारावर पाटी होती आणि आत एक पोस्टमास्तर बसलेला असे. त्याच्यापुढे जाऊन उभे राहता येत असे. पोस्टमन गावाला नावाने ओळखत असे आणि गाव त्याला. कायद्याने जे उत्तरदायित्व टाळले होते, ते व्यवहारात त्या कचेरीला सर्वस्वी टाळता येत नव्हते.

आज परिस्थिती नेमकी उलटी झाली आहे. कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याखालील ई-कॉमर्सविषयीचे नियम त्याच महिन्यात लागू झाले. या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क जाहीर करावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे लागते. सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास, विलंब दैवी आपत्तीसारख्या कारणामुळे झालेला नसेल तर, विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी फीसुद्धा लागत नाही. कागदावर याहून अधिक काय हवे? परंतु चारशे रुपयांच्या वस्तूसाठी बेलपाड्याचा रहिवासी अलिबागच्या ग्राहक आयोगापुढे तक्रार दाखल करून तारखांमागून तारखा मोजील, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. कंपन्यांनाही हे पुरेपूर ठाऊक आहे. प्रत्येक गाऱ्हाणे इतके लहान असते की त्यासाठी कोणी लढत नाही, आणि अशा न लढलेल्या गाऱ्हाण्यांच्या ढिगावरच बेपर्वाई निर्धास्तपणे उभी राहते.

सारा दोष कंपन्यांच्या माथी मारून मोकळे होणे मात्र न्यायाचे ठरणार नाही. पत्ता सापडत नाही, ही सबब काही वेळा खरी असते आणि तिचा इतिहास खारघर परिसराच्या जडणघडणीत आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी या भागातील शेतजमिनी संपादन करण्यात आल्या. त्या जमिनींवर सेक्टर आखले गेले, भूखंडांना क्रमांक मिळाले, रस्ते सरळ झाले. जुनी गावठाणे मात्र होती तशीच या आराखड्याच्या पोटात राहिली. कुटुंबे वाढली, तसतशी गरजेपोटी घरे वाढली, एका मजल्याचे चार मजले झाले, आणि त्या बांधकामांच्या वैधतेचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. सेक्टरमधील इमारतीचा पत्ता तीन आकड्यांत सांगता येतो. गावठाणातील घराचा पत्ता आजही देवळामागे, विहिरीशेजारी, अमक्याच्या चाळीत असा सांगावा लागतो. त्यात भर म्हणजे टपालात गावाची ओळख नवी मुंबई, तालुका पनवेल, जिल्हा रायगड आणि कारभार १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेचा. बेलपाडा आणि शेजारचे बेलापूर या नावांतील साम्य तर परक्या माणसाला चकवण्यास पुरेसे आहे.

नावांच्या अशाच घोळातून वाट काढण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने पिनकोडची योजना तयार केली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झाली. खारघरचा ४१०२१० हा क्रमांक पार्सलला योग्य टपाल कचेरीपर्यंत बिनचूक आणतो. कचेरीपासून घरापर्यंतचा रस्ता सांगणे हे त्याचे कामच नव्हे; ते काम घर क्रमांकाचे आणि गल्लीच्या पाटीचे आहे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन ही नवी पद्धत पुढे आणली असून तिने देशातील सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत दिला आहे. गावठाणांसाठी ही सोय उपकारक ठरू शकते. पण चार मजली घरात कोणत्या मजल्यावर जायचे हे असा संकेत सांगत नाही आणि तो वापरायचा असे विक्रेत्याने व वाहतूकदाराने ठरवल्याखेरीज त्याचा उपयोगही नाही.

या साखळीच्या टोकाला असलेल्या तरुणाचाही विचार केला पाहिजे, कारण ग्राहकाचा संताप अखेर त्याच्यावरच निघतो. अनेक ठिकाणी त्याला मोबदला दिवसावर नव्हे, तर पोहोचवलेल्या नगावर मिळतो. गाडी त्याची, पेट्रोलही त्याचेच. सापडत नसलेल्या घराचा शोध घेण्यात अर्धा तास घालवला तर तेवढ्यात होणारी दोन-तीन पार्सले हातची जातात. अशा माणसाने ग्राहक घरी नव्हता अशी खोटी नोंद करावी, हे समर्थनीय नाही. पण ते अनाकलनीयही नाही. नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालात अशा कंत्राटी स्वरूपाच्या कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचा अंदाज होता आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले होते. इतक्या माणसांना सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत आणण्याची तरतूद असलेली संहिता २०२० मध्ये संमत झाली, ती अमलात यायला मात्र २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. ज्याला वेळेवर न्याय मिळत नाही, त्याच्याकडून वेळेवर सेवेची अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने आपलेही वर्तन तपासून पाहावे.

उपाय अवघड नाहीत. ते अमलात आणण्याची इच्छा हवी. पहिली गोष्ट, सांगितलेली तारीख ही जाहिरात नसून करार आहे, असे कंपन्यांनी मानले पाहिजे. तारीख चुकली तर ग्राहकाने मागणी करण्याची वाट न पाहता ठरावीक रक्कम त्याच्या खात्यावर आपोआप जमा व्हावी. रक्कम लहान असली तरी चालेल. चुकीची किंमत चूक करणाऱ्याला मोजावी लागली की सुधारणा आपोआप होते. दुसरी गोष्ट, ग्राहक अनुपस्थित असल्याची नोंद त्याला केलेल्या दूरध्वनीच्या पुराव्याशिवाय ग्राह्य धरू नये. तिसरी, ज्या स्थानिक केंद्रात वस्तू पडून आहे त्याचा पत्ता आणि मराठीत उत्तर देणाऱ्या जबाबदार माणसाचा क्रमांक प्रत्येक संदेशासोबत द्यावा. चौथी, पत्ता सापडत नसलेल्या फेरीचाही मोबदला त्या तरुणाला मिळावा, म्हणजे खोट्या नोंदीचा मोह राहणार नाही.

महानगरपालिकेचे कर्तव्यही स्पष्ट आहे. गावठाणातील घरांना क्रमांक आणि गल्ल्यांना पाट्या देण्यासाठी बांधकामांच्या नियमितीकरणाचा वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. घराचा क्रमांक म्हणजे मालकी हक्काचा दाखला नव्हे. ज्या घराकडून मालमत्ता कर मागता येतो, त्या घराचा पत्ता सांगता येऊ नये, हे प्रशासनाला शोभणारे नाही. शिवाय हा प्रश्न केवळ पार्सलचा नाही. जी मोटारसायकल गल्लीत घर शोधत फिरते, तिच्याच मागून रात्री-अपरात्री रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंबही त्याच गल्लीत घर शोधत येणार असतात.

नागरिकांनाही स्वस्थ बसून चालणार नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सभासद कुटुंबांचे गट करून महिन्याचे सामान त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची पद्धत रुजवली, तेव्हा मोबाइल नव्हता आणि मागोवा घेणारी यंत्रेही नव्हती. ग्राहक संघटित असले की पुरवठ्याला शिस्त लागते, हा धडा महाराष्ट्राने तेव्हाच घेतला होता. बेलपाड्यातील दहा घरांनी आपल्या दहा लहान तक्रारी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एकाच सुमारास नोंदवल्या, तर त्या लहान राहत नाहीत. दारात आलेल्या पोराला चार शब्द सुनावण्यापेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक आहे आणि अधिक न्याय्यही. विमानतळ, सेतू आणि मेट्रो यांवर खर्च झालेल्या प्रचंड पैशाचे चीज अखेर सामान्य माणसाच्या उंबऱ्यावरच व्हायचे आहे. तिथे कोणीतरी नाव सांगून उत्तर द्यायला उभे राहील, तेव्हाच घरपोच या शब्दाला अर्थ येईल.