कडू संत्री आणि आमचा जमाखर्च

या सदरातून आम्ही आजवर दुसऱ्यांना बरेच उपदेश केले. आज स्वतःच्या फजितीची हकीकत सांगणार आहोत. फजिती आमची, पण त्यात पैसा दुसऱ्यांचा होता. म्हणून ती लपवून ठेवणे बरे नाही.

आम्ही नागपूरकर. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमना बाजारात येतात. व्यापारी मोठे फळ उचलतात आणि लहान, डागी फळ स्वस्तात सुटते. गेल्या हंगामात आमच्या मनात आले की वस्तीतल्या महिला मंडळाने हीच संत्री घेऊन स्क्वॅश करावा आणि उन्हाळ्यात घरोघरी वापरावा. जमले तर पुढे विक्रीचाही विचार करावा. आम्ही पडलो बी.कॉम. कारकून! रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि एक जुनी पुस्तिका वाचून अंदाजपत्रक तयार केले. नऊ जणींनी दीडशे-दीडशे रुपये काढले. एकूण तेराशे पन्नास. यातल्या दोघी लोकांकडे धुणीभांडी करतात. त्यांचे दीडशे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

वीस किलो संत्री आली. बारा किलो साखर, अठ्ठावीस जुन्या बाटल्या, सायट्रिक आम्ल आणि टिकवण्याची पावडर, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणली. संत्री सोलून फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्या. सात लिटर रस निघाला. तो उकळला, पाक मिसळला, पावडर चिमटीने टाकली. संध्याकाळी सर्वांनी चव घेतली. झकास! आम्ही चार शब्द बोललो, बायांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाने घोट घेतला आणि थुंकला. रस कडू झाला होता. एक बाटली नव्हे, सगळ्याच. कुणी म्हणाले, साखर वाढवा. आठव्या दिवशी रात्री एका घरात फटकन आवाज झाला. फळीवरच्या बाटलीचे झाकण उडाले होते आणि फेस भिंतीवरून ओघळत होता. बाकीच्या बाटल्यांतही बुडबुडे दिसू लागले. शेजारी पोरं झोपली होती. काच फुटून कुणाच्या डोळ्यात गेली असती तर?

मग बैठक झाली. तीत एक सूचना अशी आली की फेस काढून, पुन्हा उकळून, आमच्याच ऑफिसात स्वस्तात द्यावा, निदान मुद्दल तरी सुटेल. खरे सांगतो, क्षणभर आम्हालाही मोह झाला. पण जे आपण आपल्या लेकराला पाजणार नाही, ते दुसऱ्याला कसे विकायचे? शिवाय अन्नपदार्थ विकायचा तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे आधी नोंदणी लागते. अठ्ठावीस बाटल्या मोरीत ओतल्या. कुणी बोलत नव्हते, नुसता गोड-आंबूस वास.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, बी फुटली का रस कडू होतेच. पांढरी साल बी काढा लागते. मी दोन हंगाम रसाच्या कारखान्यात सोलाले जात होती."

आम्ही विचारले, "मावशी, मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"आमाले कोनं इचारलं? तुमी कागद वाचत होते."

आम्हाला उत्तर सुचले नाही. वस्तीत शिक्षणाचे महत्त्व सांगत फिरणारे आम्ही, आणि ज्या हातांना काम येत होते त्यांनाच विचारायचे विसरलो.

मागाहून माहिती काढली तेव्हा मावशींचे म्हणणे शास्त्रालाही धरून निघाले. संत्र्याच्या बिया आणि पांढऱ्या पापुद्र्यातून लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होते. ताज्या रसात ते जाणवत नाही. काही तासांनी कडवटपणा येतो, आणि उकळल्याने तो लवकर येतो. म्हणून संध्याकाळच्या टाळ्या सकाळी खोट्या ठरल्या. बाटल्या आंबल्या त्याला कारण आमची चिमूट. तयार स्क्वॅशच्या प्रत्येक लिटरला ही पावडर सुमारे ०.६ ग्रॅम लागते. कमी पडली की यीस्ट वाढून वायू होतो, जास्त झाली की घशाला लागते. शिवाय बाटल्या नुसत्या विसळल्या होत्या, उकळल्या नव्हत्या.

दुसऱ्या खेपेला पाच किलोच संत्री आणली, आमच्या पैशाने, मावशींच्या हाताखाली. अर्ध्याचा स्क्वॅश करायचा आणि अर्ध्याच्या फोडी पाकात घालून बरणीबंद करायच्या असे ठरले. आम्ही घाई करून नळाच्या पाण्यात धुतलेल्या गार बरण्या थेट उकळत्या पाण्यात सोडल्या. दोन तडकल्या. पातेल्याच्या बुडाशी फडकेही घातले नव्हते. मावशी काही बोलल्या नाहीत, नुसते पाहिले.

तिसऱ्या दिवशी जमले. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी रीत सांगतो.

स्क्वॅश : बिया, धागे, पापुद्रे काढून रस हाताने पिळावा, मिक्सर नको. एक लिटर रसाला पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम सायट्रिक आम्ल. साखर, पाणी व आम्ल यांचा पाक करून गाळून पूर्ण गार करावा, मग रस मिसळावा. रस उकळू नये. यात सुमारे तीन लिटर स्क्वॅश होतो, त्याला १.८ ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात विरघळवून घालावी. आम्ही ती सराफाच्या काट्यावर तोलून आणली. दम्याच्या रोग्याला ही पावडर बाधू शकते, म्हणून पाहुण्याला देण्यापूर्वी विचारावे. जांभळासारख्या रंगीत रसाला ती चालत नाही, रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात.

फोडी : सोललेल्या फोडींवरचा पापुद्रा व बिया काढून गरम बरणीत भराव्यात. एक लिटर पाण्यात ६०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर आम्ल यांचा गरम पाक ओतावा, वर अर्धा इंच जागा सोडावी, चमच्याने हवेचे बुडबुडे काढावेत. नवे झाकण लावावे. पातेल्याच्या तळाशी जाड फडके घालून गरम पाण्यात बरण्या ठेवाव्यात. पाणी झाकणाच्या वर इंचभर असावे. उकळी फुटल्यापासून २५ मिनिटे मोजावीत. काढलेल्या बरण्या गार ओट्यावर नव्हे, फडक्यावर ठेवाव्यात. निवल्यावर झाकणाचा मधला भाग आत ओढलेला दिसला पाहिजे.

एक इशारा. ही रीत आंबट फळांपुरतीच आहे. भाजी, मटण, मासळी अशी बरणीबंद करू नये. आंबटपणा नसलेल्या पदार्थात, हवा नसताना, बोटुलिझमचे विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. त्यांचे बीज साध्या उकळीने मरत नाही. फुगलेले झाकण, फेस, विचित्र वास दिसला तर चाखूनसुद्धा पाहू नये, फेकून द्यावे.

या विद्येचा जनक निकोला अपेर हा फ्रान्समधला मिठाई करणारा माणूस. १८१० मध्ये त्याला फ्रेंच सरकारकडून बारा हजार फ्रँक मिळाले. बंद बाटली उकळली की अन्न टिकते हे त्याने वर्षानुवर्षे करून पाहून शोधले. ते का टिकते, हे मात्र पाश्चरच्या संशोधनानंतर, अर्धे शतक उलटल्यावर जगाला कळले. म्हणजे हाताला आधी कळले, पुस्तकाला नंतर. मावशींची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

आता जमाखर्च. तेराशे पन्नास रुपये बुडाले. ते पगारातून भरून देण्याची आम्ही तयारी दाखवली. धुणीभांडी करणाऱ्या दोघींनी आपले दीडशे घेतले आणि योग्यच केले. बाकीच्या सात जणींनी नको म्हटले. ताईंनी वहीत तसे लिहून ठेवले. हाती काय आले? चार बरण्या फोडी आणि चार बाटल्या स्क्वॅश. उन्हाळ्यात एका मुलीची बारावीची परीक्षा संपली, तेव्हा पहिली बाटली तिच्या घरी फोडली. कडू नव्हता.

पुढच्या हंगामाचे अंदाजपत्रक मावशी सांगणार आहेत. आम्ही फक्त लिहून घेणार आहोत.