शेवाळाचे अन्न तोडा

ऊन चढले, पाणी पाळीपासून मागे सरले की आमच्याकडे मच्छीमार संस्थांचा एक प्रश्न हमखास येतो : तलाव हिरवा पडला, काय टाकायचे? कोणी मोरचूद सुचवतो, कोणी चुना, कोणी गवत्या मासा. या वेळी आमचे उत्तर स्पष्ट आहे. काहीही टाकू नका. तलावात जे येऊन पडते आहे ते आधी थांबवा.

पाणी हिरवे दिसले म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही. हलक्या हिरव्या पाण्यात प्लवंग असतात आणि कटला-रोहूची वाढ त्यांच्याच जोरावर होते. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर बोटे अंधूक दिसत असतील तर तलाव ठीक आहे. मनगट बुडायच्या आतच बोटे दिसेनाशी झाली, तर मात्र सावध व्हा. मग एक साधी परीक्षा करा. काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर तळाशी बसला असेल तर ते बहुधा साधे शेवाळ आहे. तोच थर वर तरंगत असेल, तर निळे-हिरवे शेवाळ समजा. मायक्रोसिस्टिस हे त्यातले नेहमीचे नाव. त्याच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून ते वर येते आणि वाऱ्याने पाळीला लागून हिरव्या ऑइलपेंटसारखे साचते. त्याच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. अशा काठावर गुरे पाण्यावर सोडू नका, पोरांना पोहू देऊ नका.

माशांचा जीव मात्र बहुतेक वेळा या विषाने नव्हे, प्राणवायूअभावी जातो. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच तो ओढून घेते. पहाटे चार-पाचच्या सुमारास पाण्यात तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले की खत-खाद्य त्याच दिवशी बंद करा, पंपाने पाणी उचलून पुन्हा तलावातच उंचावरून पाडा आणि विक्रीजोगा मासा काढून गर्दी कमी करा.

नेमक्या याच अवस्थेत मोरचूद टाकणे सर्वांत धोक्याचे. शेवाळ एकदम मरते, कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते. मत्स्यशास्त्रात मोरचुदाची मात्रा पाण्याच्या क्षारतेवरून काढतात. लिटरमागे जितके मिलिग्रॅम क्षारता, त्याचा शंभरावा भाग मोरचूद. क्षारता १०० असेल तर मीटरभर खोलीच्या एका हेक्टरला १० किलो. क्षारता ५० च्या खाली असेल तर तो वापरूच नये. आपल्याकडे क्षारता मोजतो कोण? पोती अंदाजाने रिकामी होतात, गोगलगायी आणि सूक्ष्म जीव मरतात, तांबे गाळात बसते आणि पुढच्या वर्षी पाणी पुन्हा हिरवे होते. कारण शेवाळ मेले तरी त्याचे अन्न तलावातच राहिलेले असते.

हे अन्न मुख्यतः स्फुरद. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांनी एका तलावाचे पडद्याने दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र सोडले, स्फुरद मात्र एकाच बाजूला. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली, दुसरी नाही. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरात जाणारे सांडपाणी १९६८ पर्यंत पूर्ण वळवले गेले आणि काही वर्षांतच तिथले पाणी निवळले.

आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत स्फुरद कुठून येते ते आपण रोज पाहतो. बांध्यांमधून वाहून येणारे डीएपी, गावाची गटारे, पाळीवरचे कपडे-भांडी, निर्माल्य, आणि आधीच हिरव्या पाण्यात वर्षानुवर्षे सवयीने ओतले जाणारे शेण. मालगुजारांच्या काळात तलावाचा गाळ शेतात जात असे, म्हणजे स्फुरद परत धानाला मिळत असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ही देवघेव बहुतेक ठिकाणी थांबली. तळाचे पाणी प्राणवायूविना राहिले की साचलेल्या गाळातले स्फुरद सुटून वर येते. त्यामुळे येवा स्वच्छ केला तरी पहिली काही वर्षे फरक कमी दिसेल. तेवढा धीर धरावाच लागतो.

या धीराला जोड हवी ती पाणवनस्पतींची, आणि याच बाबतीत आपली सर्वांत मोठी गफलत होते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदिनी, देवधान हे सारे आपण 'कचरा' म्हणून उपसतो. या वनस्पती शेवाळाच्या तोंडचे अन्न पळवतात, गाळ धरून ठेवतात, माशांना अंडी घालायला जागा देतात. शहरांत खाऱ्या पाण्याचे प्रवाळ-अ‍ॅक्वेरियम ठेवणारे हौशी लोकही अनुभवाने इथेच पोचले आहेत. मुख्य टाकीत नको असलेले शेवाळ माजू नये म्हणून ते शेजारच्या छोट्या टाकीत दिव्याखाली मुद्दाम दुसरे शेवाळ वाढवतात आणि ठराविक दिवसांनी छाटून बाहेर टाकतात. छाटणीबरोबर नत्र-स्फुरद बाहेर जाते. आपल्याकडे हे काम शिंगाड्याचे वेल आणि हायड्रिला फुकट करतात. हायड्रिला फार माजला तर जाळ्यापुरती वाट काढा, पण मुळासकट तलाव बोडका करू नका.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात (१९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यातच होता) भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांच्या संस्थांना सोबत घेऊन हेच केले. बेशरमची झुडपे उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला, पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावल्या. मासे आणि पक्षी दोन्ही परतले. म्हणूनच गवत्या आणि सायप्रिनस माशांचे बीज अशा तलावात सोडू नये, असे आमचे ठाम मत आहे. पहिला कोवळ्या वनस्पती फस्त करतो, दुसरा तळ उकरून गाळ उठवतो. चंदेरा मासा शेवाळ खातो हे खरे, पण मायक्रोसिस्टिसचे बरेच पुंजके त्याच्या आतड्यातून जिवंतच बाहेर पडतात. त्याच्यावर विसंबू नका.

गोसेखुर्द धरणाचा प्रश्न मात्र संस्थांच्या हातापलीकडचा आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते, धरणाच्या फुगवट्यात साचते आणि जलकुंभी पोसते. जलकुंभी काढण्याच्या निविदा दरवर्षी निघाल्या तरी सांडपाणी शुद्ध होऊन नदीत येईपर्यंत ती उगवतच राहणार. यासाठी संस्थांनी एकत्र येऊन आवाज उठवायला हवा.

जुलैत बोटुकली सोडण्याआधी प्रत्येक संस्थेने सभेत तीन ठराव घ्यावेत. हिरव्या पाण्यात शेणखत टाकायचे नाही. तलावात उतरणारे गटार ग्रामपंचायतीकडून शोषखड्ड्याकडे वळवून घ्यायचे. आणि गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकात पाणवनस्पतींची लागवड धरावी, अशी लेखी मागणी जिल्हा परिषदेकडे करायची. ठरावाची प्रत आम्हालाही पाठवा, आम्ही ती छापू.