नेटवर्क बदलले की हुकूम कोणाचा?

'लिनक्स टाकले, आता काळजी मिटली' असे समाधान आपल्या छोट्या संस्थांमध्ये सर्रास दिसते. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा फेडोरा बसवले, परवान्याचा खर्च वाचला, व्हायरसची धास्ती कमी झाली, विषय संपला. माझा आक्षेप या 'विषय संपला'वर आहे. प्रणाली फुकट मिळाली म्हणून यंत्र आपल्या हुकमात येत नाही.

शिष्यवृत्ती समितीचा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. त्यात मुलांची आधार कार्डे, पालकांचे उत्पन्नाचे दाखले, एखाद्या विधवा आईचे पासबुक. कार्यालयात दोघांना मिळून काम करता यावे म्हणून तो फोल्डर सांबाने शेअर केलेला, तोही पासवर्डाशिवाय. संध्याकाळी तोच लॅपटॉप बसस्थानकावर उघडला जातो, पूर्वी एकदा वापरलेले वायफाय आपोआप जोडले जाते. नेटवर्क बदलले, फोल्डर मात्र उघडाच. या कागदांना आपण अमानत म्हणतो. मग घरात उघडे असलेले दार बाजारात बंद करायचे, हे यंत्राला कोणी सांगितले?

सांगायची सोय आहे. बहुतेक डेस्कटॉप लिनक्सवर जोडणी सांभाळणारा 'नेटवर्कमॅनेजर' हा प्रोग्रॅम प्रत्येक बदलाची वर्दी देतो. 'एटसी'मधल्या त्याच्या फोल्डरात 'डिस्पॅचर डॉट डी' नावाचा फोल्डर असतो. तिथे ठेवलेल्या स्क्रिप्ट जोडणी लागली वा तुटली की नावाच्या अकारविल्हे क्रमाने, एकामागून एक चालतात. प्रत्येकीला दोन गोष्टी कळवल्या जातात: कोणता इंटरफेस आणि काय घडले, म्हणजे 'अप', 'डाउन', 'व्हीपीएन-अप' वगैरे. जोडणीचा ओळख-क्रमांक, यूयूआयडी, तोही मिळतो. आठ-दहा ओळींत नियम लिहून होतो: कार्यालयाची जोडणी 'अप' झाली तरच शेअरिंग सुरू, ती 'डाउन' झाली किंवा दुसरी कोणतीही 'अप' झाली की बंद. मूळ स्थिती मात्र बंदच हवी, म्हणजे स्क्रिप्ट चुकली तरी दार उघडे राहणार नाही.

यावर पहिले उत्तर येते, 'हे तज्ज्ञांचे काम.' हिशेबाची वही लिहिणारा माणूस आठ ओळींचा नियम समजू शकत नाही, हे मला मान्य नाही. दुसरे उत्तर अधिक धोक्याचे: 'इंटरनेटवरून तयार स्क्रिप्ट उचलू.' फिक्हमधल्या तकलीदवर मला इथे बोलायचे नाही. संगणकातल्या तकलीदवर बोलायचे आहे. या स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारासह चालतात. म्हणूनच नेटवर्कमॅनेजर अट घालतो की फाइल रूटच्या मालकीची असावी आणि इतर कोणालाही तिच्यात लिहिता येऊ नये. ही अट बाहेरच्या हातांपासून वाचवते. न वाचता आपणच आत आणून ठेवलेल्या मजकुरापासून ती वाचवत नाही.

मोठ्यांचीही यात फसगत झाली आहे. 2018 मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 6 आणि 7 मधल्या अशाच एका डिस्पॅचर स्क्रिप्टमध्ये गंभीर दोष सापडला. आयपी पत्ता देणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून आलेला मजकूर ती स्क्रिप्ट नीट न तपासता शेलच्या हवाली करत होती. त्यामुळे त्याच नेटवर्कवरचा लबाड सर्व्हर तुमच्या यंत्रावर रूट म्हणून आज्ञा चालवू शकत होता. परक्याने दिलेली माहिती हुकूम समजून पाळली, एवढीच ती चूक. शहानिशेची शिकवण घरोघरी ऐकणाऱ्या समाजाला हा धडा नवा वाटू नये.

तिसरा आक्षेप रास्त आहे: फायरवॉलडीमध्ये प्रत्येक जोडणीला वेगळा झोन देता येतो, मग स्क्रिप्ट कशाला? नुसती पोर्ट बंद करायची असतील तर झोनच वापरा, तो साधा आणि बरा. पण एखादी सेवा थांबवायची, बॅकअप फक्त कार्यालयातच चालवायचा, तर स्क्रिप्ट लागते. आणि वायफायच्या नावावर विसंबू नका. तेच नाव कोणीही लावू शकतो, आणि उघड्या वायफायच्या तोतयाला तुमचे यंत्र जुन्याच यूयूआयडीने ओळखेल. कार्यालयाचे वायफाय पासवर्डाचे हवे, आणि तो पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला नको.

आपल्याकडे संगणक वर्गांत टायपिंग शिकवतात, अर्ज भरायला शिकवतात. यंत्राला आपला नियम सांगायला शिकवत नाहीत. वापरणारे तयार होतात, जबाबदार मालक होत नाहीत. त्या वर्गात एक दिवस हा विषय घ्या. स्क्रिप्ट मोठ्याने वाचून ओळीओळीचा अर्थ सांगा, मग फोनचा हॉटस्पॉट लावून शेअरिंग खरोखर बंद होते का ते मुलांनाच पाहू द्या. ज्या ओळीचा अर्थ वर्गात कोणालाच सांगता आला नाही, ती ओळ अमानत असलेल्या यंत्रावर जाता कामा नये.